सकुशल बाहेर

माणिकदादा ज्या खाणीत उतरायचा ती भरवेली गावाच्या पुढची, लहान, खासगी. गेल्या वर्षी तिथं नवा प्रोग्रॅम बसवला. बनवणारा आमच्याच गल्लीतला अश्विन. त्यानं मला मोठ्या हौसेनं समजावलं होतं, "प्रत्येकाच्या नावापुढं एक खूण राह्यते, आत नाही तं बाहेर. खूण बदलली का प्रोग्रॅम आपोआप जागा होते अन् घरी मेसेज धाडते. कोनाले सांगा लागत नाही." पाळी सुटल्यावर कोणी 'आत' उरलं, तर भोंगाही वाजणार होता. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. देवश्रीवहिनी तर मेसेज आल्याशिवाय भात टाकायची नाही.

माणसांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. पाळी सुटली की कार्ड लावून खूण बदलायच्या यंत्रापुढं रांग लागते, म्हणून एकानं दोस्ताचंही कार्ड लावून टाकायचं. याला तिथं मैत्री म्हणतात. चीड येते, पण मी असतो तर तेच केलं असतं.

त्या दुपारी दादानं आपलं कार्ड पाळीतल्या दोस्ताला, भोजराजला दिलं. "तू चाल, माहा डबा राह्यला आतमंदी. आलोच." भोजराजनं वर येऊन दोन्ही कार्डं लावली आणि वारासिवनीची बस गाठली. वहिनीच्या फोनवर आलं, 'माणिक सकुशल बाहर आ गए हैं।' तिनं भात टाकला.

भात थंड झाला तशी ती मला घेऊन खाणीच्या फाटकावर आली. दादाची मोटरसायकल तिथंच उभी.

"भाऊजी, गाडी इथंच हाय. मंग हे गेले कुठी?"

खिडकीतला बाबू स्क्रीनकडंच बघत म्हणाला, "बाहर दिखा रहा है, बहनजी. बैठे होंगे कहीं पी-पा के."

"मेसेज मले बी आला, साहेब. मानूस नाही आला."

मी खिडकीवर मूठ आपटली. त्या बाबूचा गळाच धरावासा वाटत होता. भोजराजला फोन लावला. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो रडत कार्डाचं सांगायला लागला, तेव्हा कुठं माणसं खाली उतरली. बाबूनं चूक सुधारून दादाच्या नावापुढची खूण 'आत' केली. लगेच वहिनीचा फोन वाजला, 'माणिक अंदर गए हैं।' ती मटकन खाली बसली.

छत खचलं होतं. दादा सापडला तेव्हा अंग अजून गरम होतं. थोडं आधी काढलं असतं तर वाचला असता, असं खाणीच्या तोंडाशी डॉक्टर मला म्हणाले. वहिनीला सांगायला मी फाटकाकडं निघालो. मागून स्ट्रेचर येत होतं. बाबूनं ते पाहिलं आणि नियमाप्रमाणे खूण 'बाहेर' केली.

वहिनी धावतच समोर आली, फोन उंच धरून.

"भाऊजी, बाहेर आले ते! पाहा, मेसेज आला! आता तं खरा हाय नं?"

मी वाटेत आडवा उभा राहिलो, आणि ती माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली.