सात नाण्यांचा गुन्हा

मित्रांनो, मी एक जुने स्लॉट मशीन, म्हणजे नाणे टाकून दांडा ओढायचे जुगाराचे यंत्र आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, तांब्याच्या खाणीजवळच्या एका लहान गावात माझे आयुष्य गेले.

कारखान्यात बायकांनी माझ्या पोटातली एकेक तार हाताने जोडली. कॅसिनोत आलो तेव्हा माझी काच इतकी लखलखीत होती, की लोक तिच्यात बघून टोपी नीट करत. खाणीतून निवृत्त झालेला ऑर्विल हॅस्किन्स रोज जेवणानंतर यायचा. माझ्या फिरत्या चाकांवरच्या चार घंटांची चित्रे एका ओळीत आली की सर्वांत मोठे बक्षीस. "आज तरी वाजव रे गड्या," म्हणत तो दांडा ओढायचा.

एके सकाळी व्यवस्थापक केसलर यांनी मेकॅनिककडून माझ्यातली एक चिप बदलून घेतली. त्या दिवसापासून चौथी घंटा ओळीत येणे शक्यच नव्हते. बक्षिसाची पाटी मात्र तशीच चमकत राहिली. ऑर्विल दांडा ओढत राहिला आणि मी त्याला फसवत राहिलो. मला वाचा नव्हती.

आमच्या दालनाची झाडलोट लेतिसिया बारागान करायची. माझ्या काचेवर तोंडाची वाफ सोडून ती पुसायची. एका दुपारी कुणी गिऱ्हाईक माझ्या नाणी पडायच्या तबकात सात नाणी विसरून गेले. तिने ती एप्रनच्या खिशात टाकली. दहा मिनिटांत पोलीस हजर!

"साहेब, पडून होती हो ती. कुणीच नव्हतं इथे."

"कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, बाई. हात पुढे करा."

ऑर्विल ताडकन उठला. "अरे, सात नाण्यांसाठी बेड्या? माझ्याकडून चौदा घ्या आणि सोडा तिला!"

"तुम्ही बसा, आजोबा," केसलर शांतपणे म्हणाले. "चोरी ती चोरी."

खटला लांबेल या भीतीने लेतिसियाने गुन्हा कबूल केला. नोकरी गेली.

पुढच्या वर्षी राज्याचे तपासनीस आले. त्यांनी मला उघडले आणि ती चिप सापडली. मित्रांनो, मला वाटले, आता न्याय होईल! केसलर यांनी तपासनिसांना कॉफी दिली. कागदांवर सह्या झाल्या, कॅसिनोला दंड झाला.

"आणि या केसलरला नाही का नेणार?" ऑर्विलने विचारले.

तपासनीस ओशाळून म्हणाला, "काका, हा परवान्याचा मामला आहे. पोलिसांकडे जात नाही."

"मग दोन वर्षं यात घातलेले माझे पैसे?"

"कोण किती खेळलं, त्याची नोंदच नाही हो."

मी भंगारात निघालो, तेव्हा ऑर्विलनेच मला घरी आणले. का, ते मला कळले नाही. फसवणाऱ्याला कोण घरात ठेवतो?

परवा लेतिसिया त्याच्या ओसरीवर नोकरीचा अर्ज भरत बसली होती. 'तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?' या प्रश्नापाशी तिचा हात थांबला.

"केसलर काय लिहीत असेल गं इथे?" ऑर्विल म्हणाला.

"'नाही' लिहीत असेल. खरंच तर आहे ते," ती म्हणाली, आणि तिने 'हो' लिहिले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी पोलीस होईल, कुणी न्यायाधीश. झाडूवालीला जितक्या तत्परतेने पकडाल, तितक्याच तत्परतेने व्यवस्थापकाचेही दार ठोठावा. माझ्यासारखे गप्प राहू नका. तुम्हाला बोलता येते.