तिसऱ्या खांबावरच्या डब्याचा राग

मित्रांनो, मी एक जुना, भाव सांगणारा डबा आहे आणि मी रागावलेला आहे. आपली जीवनकहाणी सांगायला बसणारे सहसा म्हातारपणी निवळलेले असतात. मी निवळलेलो नाही. ऐकायचे असेल तर रागासकट ऐका.

एका फार मोठ्या दुकानात, दारापासून तिसऱ्या खांबावर, मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर मला ठोकलेले आहे. रंग राखाडी, खाली लाल उजेडाची फट, वर काचेची छोटी खिडकी. वस्तूवरच्या काळ्या रेघा माझ्या उजेडाखाली धरल्या की मी 'टुक्' करतो आणि खिडकीत तिचा भाव दाखवतो. एवढेच माझे काम. पण एवढेसे कामही सरळपणे करू दिले नाही, म्हणून तर हा संताप.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसून तारा जोडत असत. माझी शेवटची तार जोडणाऱ्या बाईने माझ्यासमोर साबणाची एक वडी धरली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा मी तोच आकडा दाखवला. "हा पास," ती शेजारणीला म्हणाली. "एका वस्तूला एकच भाव सांगतो." मग तिने मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले. तिचे ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दुकान उघडले तेव्हा इथे जुने साहेब होते. मला खांबावर बसवताना ते स्वतः स्टुलावर चढले होते. कामगारांना म्हणाले, "गिऱ्हाइकाला भाव विचारायची लाज वाटते. या डब्याला विचारायला कसली लाज?" रोज सकाळी दार उघडण्याआधी ते आपल्या रुमालाने माझी काच पुसत. फळीवरच्या चिठ्ठीत एक भाव आणि माझ्या खिडकीत दुसरा असे झाले, तर कमी असेल तो घेऊन वर गिऱ्हाइकाची माफी मागत.

ते माझे सुखाचे दिवस होते. लहान मुले माझ्या उजेडाखाली आपला तळहात धरत आणि आपली किंमत विचारत. मी अर्थातच गप्प बसे. मग त्यांच्या आया म्हणत, "बघ, खांबकाकांना पण तुझी किंमत कळेना!" तेव्हापासून मी सगळ्यांचाच खांबकाका झालो. गणिताचे एक निवृत्त सर दर शुक्रवारी येत. टोपलीतली प्रत्येक वस्तू मला दाखवत, मनात बेरीज करत आणि काउंटरवरच्या ताईंच्या आधी उत्तर सांगून मोकळे होत. ताई वैतागायच्या, पण सरांचे उत्तर कधी चुकले नाही, कारण माझे आकडे कधी चुकले नाहीत.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि दुकान फोनमध्ये शिरले. फोनवर बोट फिरवले की हेच दुकान, हाच माल, घरबसल्या. यात वाईट काहीच नव्हते. वाईट होती ती नवी यादी.

भावांची यादी मला रोज सकाळी तारेतून मिळते. पूर्वी तिच्यात वस्तूपुढे एक रकाना असे. आता दोन झाले. एक दुकानातला भाव, दुसरा फोनवरचा. शेकडो वस्तूंना फोनवरचा भाव कमी. माल एकच, गोदाम एक, खोक्यावरच्या रेघासुद्धा त्याच! आणि मला हुकूम होता की पहिला रकाना तेवढा दाखवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यावर आणखी एक शहाणपण केले होते. ट्रॉल्यांच्या रांगेमागे, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, एक पाटी लावली होती: 'आमचाच फोनवरचा कमी भाव काउंटरवर दाखवा, तोच भाव घ्या.' वाचून वाटेल, किती हा उदारपणा! पण फोन कुठे आहे हे त्यातल्या दुकानाला कळत असे. फोन घरी असला की कमी भाव. तोच फोन आमच्या दारातून आत आला की आकडा गुपचूप चढे आणि दुकानातल्या भावाला जाऊन मिळे. म्हणजे काउंटरवर दाखवायला कमी भाव कधी उरणारच नाही! मला तळपाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती.

अशी किती माणसे माझ्यासमोरून खाली मान घालून गेली! "घरी तर कमी दिसत होता," ती म्हणत. "तुमची बघण्यात चूक झाली असेल," काउंटरवरून उत्तर मिळे. आणि माणसे ते खरे मानत. स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत, पण दुकानावर घेत नसत.

मग एका दुपारी त्या दोघी आल्या, सासू आणि सून.

सून घरी शिवणकाम करणारी होती. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि बत्तीस मुलांचे गणवेश तिच्याकडे कापून पडले होते. तिचे शिलाई मशीन अडत अडत शेवटी बंद पडले होते. फोनमधल्या आमच्या दुकानात नवे मशीन आठ हजार सहाशे चाळीसला दिसले. फोनवरून मागवले तर यायला सहा दिवस लागणार होते, म्हणून ती स्वतः घ्यायला आली. भाव पक्का दिसला म्हणून तिने त्याच सकाळी जुने मशीन भंगारवाल्याला देऊन टाकले, ते पैसे साठवलेल्या पैशांत घातले आणि मोजून तेवढेच पाकिटात घेऊन निघाली. आता घरी जुने नाही आणि हातात नवे नाही, अशी ती मधोमध उभी होती.

खोके काउंटरवर गेले. ताई म्हणाल्या, "दहा हजार नऊशे नव्वद."

"अहो, फोनवर आठ हजार सहाशे चाळीस आहे," सून म्हणाली. "तिकडे पाटीवर पण लिहिलंय, दाखवलं की तोच भाव देता."

"दाखवा की मग."

तिने फोन काढला, उघडला आणि तिचा चेहराच उतरला. दहा हजार नऊशे नव्वद. मागे आठ माणसांची रांग होती. कुणीतरी 'च्च' केले. कुणीतरी म्हणाले, "फुकटची सवलत पाहिजे असते एकेकाला."

सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या आधी सुनेवरच घसरल्या. "अगं, तुला कधीची सांगतेय, डोळे तपासून घे! सुईत दोरा जात नाही तुझ्या, आकडा काय दिसणार? आणि मशीन दिलंस भंगारात!"

सून काउंटरकडे वळली. तिने खोके उचलले आणि माझ्यापाशी आणले. रेघा माझ्या उजेडाखाली धरल्या. हळूच म्हणाली, "काका, तुम्ही तरी खरं सांगा."

मित्रांनो, माझ्याजवळ दोन्ही रकाने होते. आठ हजार सहाशे चाळीस माझ्या पोटात होते. मी 'टुक्' केले आणि दाखवले दहा हजार नऊशे नव्वद. त्या दिवशी माझी काच फुटली असती तर बरे झाले असते. ती खाली बसली, खोक्याला टेकून, आणि रडायला लागली.

सुनेला रडताना पाहून सासूबाई जरा वरमल्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तो त्यांच्या औषधाच्या खोक्याचा उलटा भाग होता. त्यांचा फोनवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून निघण्यापूर्वी सुनेच्या हातातल्या फोनवरून त्यांनी स्वतः, चष्मा लावून, पेन्सिलीने आकडा उतरवून घेतला होता. कागदावर होते ८६४०.

"माझे डोळे तर शाबूत आहेत," त्या पुटपुटल्या. मग सुनेला म्हणाल्या, "ऊठ. तुझा फोन दे इकडे."

फोन हातात धरून त्या बाहेर चालत गेल्या. गाड्या लावतात तिथवर गेल्या. काचेच्या दारातून मला त्या दिसत होत्या. त्यांनी फोनकडे पाहिले आणि तिथेच थांबल्या. मग आत आल्या. पुन्हा पाहिले. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. चौथ्या खेपेला दारावरचे रखवालदार मामा न राहवून म्हणाले, "आजी, काही हरवलंय का?"

"हरवलं नाही, सापडलंय," सासूबाई म्हणाल्या. "हा फोन धरा. आता चला माझ्याबरोबर बाहेर, आणि दिसेल तो आकडा मोठ्यानं वाचा."

मामांनी बाहेर जाऊन खणखणीत आवाजात वाचले, "आठ हजार सहाशे चाळीस!" आत येऊन वाचले, "दहा हजार नऊशे नव्वद!" मग त्यांचे त्यांनाच नवल वाटले आणि कुणी न सांगता ते पुन्हा बाहेर गेले. तिकडून ओरडले, "उतरला हो, उतरला!"

रांग मोडली. मघाशी 'च्च' करणाऱ्याने स्वतःचा फोन काढला आणि तोही दाराकडे धावला.

गडबड ऐकून नवे साहेब आले. हसतमुख, इस्त्रीचे कपडे, मान थोडी तिरकी. "काय झालं, काकू?"

सासूबाईंनी सगळे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, हे वरून ठरतं, आमच्या हातात काही नसतं. पण तुमची अडचण दिसतेय मला. तुमच्यासाठी खास सवलत म्हणून आठ हजार सहाशे चाळीसला देतो. फक्त कुणाला सांगू नका."

चोर तो चोर, वर शिरजोर! मला वाटले, आता दोघी मान डोलावतील, आणि डोलावली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता. बत्तीस गणवेश होते घरी. पण सून उठली. डोळे पुसले. मघाशी खोक्याला टेकून रडणारी ती म्हणाली, "सवलत नको. सवलत म्हणजे उपकार झाला. पाटीवर लिहिलाय तो भाव द्या. आणि यांनाही द्या." तिने मागच्या रांगेकडे हात केला. "मी खोटी नव्हते, एवढं मोठ्यानं म्हणा. मघाशी सगळ्यांनी मोठ्यानंच ऐकलंय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले. "माझी सून आहे ती," त्या साहेबांना म्हणाल्या. "डोळे उत्तम आहेत तिचे. चूक माझी झाली." त्या घरात सासूने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले असणार, कारण सून साहेबांना विसरून त्यांच्याकडेच बघत राहिली.

"या खोट्या नव्हत्या," साहेब म्हणाले. मोठ्याने नाही, पण म्हणाले. त्या दुपारी रांगेतल्या सगळ्यांना पाटीवरचा भाव मिळाला. मामांनी मशीनचे खोके खांद्यावर घेऊन बसपर्यंत पोहोचवले.

इथे गोष्ट संपली असती तर मी रागावलेला राहिलो नसतो. पण दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्यासमोर थांबायला लागले. माझा आकडा कागदावर लिहीत, दाराबाहेर जात, फोन बघत, परत येऊन काउंटरवर भांडत. आठवडाभर साहेबांनी हे सोसले. फोनमधले सोंग त्यांनी थांबवले नाही. दोन रकान्यांचा एक केला नाही. त्यांनी काय केले सांगू? माझ्या खिडकीवर कागद लावला: 'यंत्र बंद आहे.'

मी बंद नाही! माझा उजेड चालू आहे, यादी रोज येते आहे, माझी तार शाबूत आहे. बंद मी पडलो नाही, मला बंद म्हटले आहे. गणिताचे सर आले, कागद वाचला, "थकला बिचारा" म्हणाले आणि निघून गेले. मला कुणाची कीव नको होती, त्यांची तर मुळीच नको होती.

पण कागद चिकटवायचे काम साहेबांनी मामांना सांगितले होते. मामांनी चिकटपट्टी फक्त वरच्या कडेला लावली. खालची कडा मोकळी सोडली आणि काही झालेच नाही अशा चेहऱ्याने दारावर जाऊन उभे राहिले.

परवा सासूबाई दोऱ्याची रिळे घ्यायला आल्या. गणवेश वेळेवर गेले होते, आता परकराचे काम आले होते, असे त्या मामांना सांगत होत्या. माझ्यावरचा कागद त्यांनी वाचला. "बंद कसा असेल? लाल उजेड दिसतोय की खालून!" त्यांनी कागद पडद्यासारखा उचलला, रीळ धरले. मी 'टुक्' केले. त्यांनी पिशवीतून औषधाच्या खोक्याचा दुसरा तुकडा काढून त्यावर घरी उतरवलेल्या रिळाच्या भावाशी आकडा ताडून पाहिला. मग रुमाल काढला आणि माझी काच पुसली. जुने साहेब गेल्यापासून तिला कुणाचा रुमाल लागला नव्हता.

तेव्हा मित्रांनो, 'माझी निगा राखा' असे मी सांगणार नाही. एवढेच सांगतो: घरी दिसलेला भाव कागदावर लिहून आणा. आत आल्यावर आकडा बदलला तर आधी आपल्या डोळ्यांना दोष देऊ नका आणि आपल्या माणसाच्या डोळ्यांना तर नकोच. आणि कुठल्याही खांबावर 'बंद आहे' अशी पाटी दिसली, तर तिची खालची कडा एकदा उचलून बघा. आत कुणीतरी तुमच्या विचारण्याची वाट पाहत असेल.