सिंधूपुढून उचललेले चित्र

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच सविनय निवेदन करतो की, माझी धाकटी बहीण सिंधू हिने काढलेल्या एका चित्राची हकिगत पुढे यथामती सांगण्यात येणार आहे. त्या चित्राची पुष्कळ स्तुती झाली. ते काचेच्या चौकटीत बसले, त्याच्यासमोर समई पेटली, टाळ्या वाजल्या. तथापि ते चित्र पुरे झालेले नव्हते, आणि ते पुरे करण्याची मुभा ते काढणारीला कोणी दिली नाही, एवढेच सांगण्यासाठी मी लेखणी हाती धरली आहे. मी निवृत्ती गवस, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातील पुस्तके वाचून जी भाषा अवगत झाली, तिच्यावरच माझी भिस्त आहे.

आमचे मूळ घर दोडामार्गाकडचे. वडील खाणीवर टिपर चालवीत. डिचोलीकडच्या खाणींतून लोहखनिजाची माती भरून ती आमोण्याच्या धक्क्यावर बार्जीत, म्हणजे नदीतल्या मालवाहू नावेत, ओतावयाची, हे त्यांचे काम. आमचे बालपण त्यामुळे आमोण्यातच गेले. वडील निवर्तले, खाण बंद पडली, आणि मी कुटुंबासह पेडणे तालुक्यात तुये येथे आलो. येथील एका कारखान्यात मी खोकी बांधण्याच्या विभागात काम करतो. सिंधूच्या बुद्धीची वाढ जन्मापासूनच धीमी राहिली. आता तिने चाळिशी ओलांडली आहे, कानांजवळचे केस पांढरे झाले आहेत. परंतु वाक्य दोन-चार शब्दांचेच बोलते, आणि जे बोलते ते पुन्हा बदलत नाही.

पेडण्यात एका सभागृहात अशा प्रौढ माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग चालतो. दर बुधवारी मी तिला स्कूटरवर मागे बसवून तेथे नेतो. वर्ग भरवणारे महादेव सर सज्जन गृहस्थ आहेत, आणि शिकवणाऱ्या रूपाली मॅडम वयाने लहान असूनही अत्यंत मायाळू आहेत. हे मी आधीच नमूद करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात कोणीही दुष्ट नाही. दुष्ट कोणी असता तर माझा त्रागा निदान सोपा झाला असता.

सिंधूची चित्र काढण्याची रीत अशी. प्रथम ती नदी काढते. मग धक्का, बार्ज, तांबडा रस्ता आणि रस्त्यावर वडिलांचा टिपर. टिपरच्या खिडकीत एक ठिपका असतो, तो बाबा. पाहणारा थक्क व्हावा, इतके ते सुंदर असते. त्यानंतर ती ब्रश बाजूस ठेवते, तांबडा आणि काळा रंग तळहातावर कालवते, आणि कागदाच्या कोपऱ्यापासून आरंभ करून सर्व चित्र सारवून टाकते. नदी जाते, बार्ज जाते, काहीही दिसेनासे होते. कागद सगळा मातकट झाला म्हणजे ती म्हणते, "झाला."

परंतु वर्गात हा शब्द तिच्या तोंडून क्वचितच येऊ शकला. कारण तिने तळहाताला रंग लावला रे लावला की रूपाली मॅडम तिच्यापुढचा कागद अलगद उचलून घेत.

"झाला नाय!" सिंधू ओरडे. "माजा झाला नाय!"

"झालं गं, सिंधूताई. बघ किती छान झालंय!"

शेजारच्या खुर्चीवर बाबली बसतो. पन्नाशी उलटलेला, बसका, गोल चेहऱ्याचा हा गृहस्थ त्या वर्गातील सर्वांत जुना विद्यार्थी. तो एकदा मॅडमना म्हणाला, "मॅडम, अर्ध्या जेवणार उठयल्यात तिका तुमी."

सर्व हसले. मीही हसलो. पण त्या दिवशी घरी आल्यावर सिंधू खरोखरच जेवली नाही.

बुधवारची संध्याकाळ हा आमच्या घरातील कठीण समय झाला. मी एकदा न्हाणीघरात असता माझी पत्नी दीपा हिने बाहेरून हाक दिली.

"अवो, जरा भायर येवा. तुमच्या भैणीन टीव्ही सारवल्यान."

"कित्यान?"

"वरणान! कित्यान म्हणान काय इचारतात? आणि आता जनेल सारवता. तुमी तुमची पुस्तका वाचीत बसा."

मी बाहेर आलो तेव्हा सिंधू खिडकीच्या काचेवर वरणाचा हात शांतपणे फिरवीत होती. दीपाने तिच्या हातातले भांडे घेतले नाही. ती मला म्हणाली, "थयसर तिका पुरा करूक देयत नाय, म्हणान हयसर करता. जावा आणि सांगा त्यांका."

मी गेलो आणि महादेव सरांना गाठले. आमोण्याच्या घरी सिंधू खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, धुळीत काठीने असेच टिपर काढीत असे, नंतर आई तिच्यापुढे शेणाची बादली ठेवी आणि ती त्या टिपरांवरूनच सारे खळे सारवीत असे, सारवून झाल्यावर आई विचारी, "झाला गे?" आणि ही सांगे, "झाला." कदाचित हे त्यातूनच आले असावे, कदाचित नसावे, मी निश्चित सांगू शकत नाही, असे मी त्यांच्यापुढे मांडले.

"फार छान आठवण आहे, गवसभाऊ," सर म्हणाले. "प्रदर्शनाच्या भाषणात घेतो मी."

"सर, माझी विनंती कागदाविषयी होती. तो उचलला जाऊ नये."

रूपाली मॅडम बाजूलाच ब्रश धूत होत्या. त्या म्हणाल्या, "निवृत्तीदादा, गेल्या वर्षी एकदा मी तिला करू दिलं होतं. शेवटी काय राहिलं? तपकिरी कागद. सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागतात. तिच्या नावाखाली मी काय लावू? तिचं कौतुक झालेलं तुम्हाला नको आहे का?"

मला ते कौतुक हवेच होते. कारखान्यातील सोबत्यांना मी तिच्या चित्राची छबी भ्रमणध्वनीवर दाखवीत असे, आणि ती अर्थातच न सारवलेल्या चित्राची असे.

अखेर महादेव सरांनी तोड काढली. डिचोलीला मोठे प्रदर्शन भरावयाचे होते. आमोण्याच्या धक्क्याचे सिंधूचे नवे चित्र तेथे मध्यभागी लागणार होते. "प्रदर्शन संपलं की ते तुम्ही घरी न्या," सर म्हणाले. "मग ती त्याचं काय हवं ते करू दे. शब्द देतो."

मी घरी येऊन सिंधूला सांगितले, "प्रदर्शन झाला काय चित्र घरी हाडूया. मगे तू पुरा कर."

"पुरा करतलंय," ती म्हणाली.

तेव्हापासून दररोज सकाळी चहाचा कप हाती घेताना ती मला तेच ऐकवी, आणि मी मान डोलावी. बुधवारी कागद उचलला गेला तरी ती ओरडेनाशी झाली. जेवू लागली. टीव्ही स्वच्छ राहिला. एका शब्दाच्या आधारावर माणूस किती काळ तग धरू शकतो, हे मी त्या दिवसांत पाहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सर्व लहान बसने डिचोलीस गेलो. दीपाने सिंधूला स्वतःचा निळा पंजाबी ड्रेस घातला, केसांत अबोलीचा वळेसर माळला. सभागृहात शिरताच सिंधूला समोर आपले चित्र दिसले. सोनेरी चौकट, वर काच, खाली पट्टी: 'माझे हरवलेले गाव'. हे नाव कोणी दिले ते मला माहीत नाही. सिंधूने खात्रीने दिले नव्हते.

"माजा!" ती आनंदाने म्हणाली. मग तिने मान कलती करून ते न्याहाळले आणि हळूच म्हणाली, "झाला नाय."

"घरी गेल्यार," मी म्हणालो.

प्रमुख पाहुणे आले. ते मोठे उद्योजक होते, बोलण्यास गोड होते. समई पेटवली गेली. समईशेजारी मेजावर तेलाची वाटी आणि कुंकवाचे तबक होते. पाहुणे भाषणास उभे राहिले आणि सर्वांच्या माना तिकडे वळल्या, माझीही वळली. इतक्यात बाबलीचा आवाज आला, "आतां जाता गो, आतां पुराय जाता!"

मी वळून पाहिले. सिंधूने तेलात कुंकू कालवून दोन्ही हातांनी चौकटीवरची काच सारवण्यास घेतली होती. डावा कोपरा पुरा झाला होता, नदीवर हात फिरत होता. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते.

"दोन मिनटां थांबा!" मी ओरडलो. वस्तुतः काचेवरच तर चालले होते, चित्राला काय होणार होते? परंतु तोपर्यंत चार-पाच जण धावले. रूपाली मॅडमनी तिचे मनगट धरले, कोणी ओला रुमाल आणला, आणि पाहता पाहता काच पूर्ववत लखलखीत झाली.

"झाला नाय! माजा झाला नाय!"

महादेव सरांनी पाहुण्यांची क्षमा मागितली. पाहुणे हसून ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "असू दे हो. मुलंच ती. देवाची लेकरं."

"हांव भुरगो?" बाबली उभा राहिला आणि त्याने आ वासून दाखवला. "म्हजें तोंड पळयात, एक दांत उरूंक ना!"

सभागृह हास्याने दुमदुमले. सिंधूला मागच्या रांगेत बसवून तिच्या हाती उंडो पाव आणि भाजीची बशी देण्यात आली. ती तिने मांडीवर तशीच धरून ठेवली. मी तिच्या कानाशी म्हणालो, "आता थोडोच वेळ. मगे चित्र आपला."

आणि नेमके तेव्हाच सरांनी जाहीर केले की, पाहुण्यांना मध्यभागीचे चित्र अतिशय भावले असून संस्थेतर्फे ते त्यांना आजची स्मृतिभेट म्हणून देण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. चौकट भिंतीवरून उतरली.

मी गर्दीतून वाट काढीत सरांपाशी गेलो. "सर, ते चित्र आम्ही घरी नेण्याचे ठरले होते. आपण शब्द दिला होता."

"गवसभाऊ, आता इथे नको. त्यांनी स्वतः मागितलं. सिंधूचा केवढा मान आहे हा, विचार करा."

"पण ते अपुरे आहे."

"अहो, त्यांना तर अपुरं वाटलं नाही ना?"

मी धावत बाहेर गाडीपाशी गेलो. पाहुण्यांनी काच खाली केली. चौकट मागच्या आसनावर त्यांच्याशेजारी टेकवलेली होती. मी मनात वाक्य जुळवीत आलो होतो, पण तोंडातून एवढेच निघाले, "महोदय, सदर चित्राविषयी माझे असे नम्र म्हणणे आहे की..."

"तुम्ही भाऊ का तिचे? धन्यवाद, खूप धन्यवाद," ते म्हणाले. त्यांनी माझा हात हाती घेऊन प्रेमाने दाबला आणि गाडी निघून गेली. साध्या भाषेत 'चित्र परत द्या' एवढे तीन शब्द मला का म्हणता आले नाहीत, याचा विचार करून माझे मस्तक अजूनही तापते.

परतीच्या वाटेवर सिंधूने माझ्या मांडीकडे पाहिले. मांडी रिकामी होती.

"चित्र?"

"पावण्यान व्हेला."

तिने खिडकीबाहेर पाहिले. मग विचारले, "तो पुरा करतलो?"

दीपाने तोंड पदरात लपवले.

पुढच्या रविवारी मी कारखान्यातून मागून आणलेला खोक्यांचा कोरा पुठ्ठा रंगांसह सिंधूपुढे ठेवला. तिने लगेच ब्रश घेतला नाही. डावा हात पुठ्ठ्याभोवती कुंपणासारखा टाकला, छाती त्यावर टेकवली, आणि मग त्या आडोशात काढू लागली. नदी आली. धक्का आला. टिपर आला. खिडकीतला ठिपका या वेळी तिने इतका नेटका काढला की त्यावर टोपीदेखील दिसू लागली. बाबा खरोखर तशीच टोपी घालीत.

"अवो," दीपा कुजबुजली, "ह्या पयल्यापरास बरा झालाहा. उचला तां."

"तूच सांगलं होतंस, तिका पुरा करूक देवा म्हणान."

"सांगलंय होतंय. पण हे मामंजी अगदी तशेच दिसतत ओ! फोटू तरी काढा."

मी भ्रमणध्वनी घेण्यास उठलो. सिंधूने मान वर केली, माझ्या हाताकडे पाहिले आणि ती पुठ्ठ्यावर पालथी पडली. निळ्या नदीचा रंग तिच्या गालाला लागला. मी भ्रमणध्वनी ओसरीवर ठेवून आलो, तिला रिकामे हात दाखवले आणि भिंतीला टेकून बसलो.

मग तिने तळहातावर रंग कालवला. प्रथम नदी गेली. बार्ज गेली. रस्ता गेला. टिपरचे चाक गेले. वाचकहो, माझे दोन्ही हात मी मांडीखाली दाबून ठेवले होते, कारण त्यांचा भरवसा मला वाटत नव्हता. आमच्या घरी वडिलांची एकही तसबीर नाही. शेवटी ती टोपी तेवढी उरली. सिंधूचा हात तिच्यापाशी थोडा थांबला, आणि मग त्यावरून फिरला.

"झाला," ती म्हणाली.

हात धुऊन ती पानावर बसली आणि पोटभर जेवली. मागून भात घेतला. मी मात्र अर्ध्या जेवणावरून उठलो.

बुधवारी मी तो पुठ्ठा वर्गात नेला. रूपाली मॅडमनी तो खिडकीपाशी धरून पुष्कळ वेळ पाहिला. "हे भिंतीवर नाही लावता येणार, दादा," त्या हळूच म्हणाल्या. तरी त्या दिवशी सिंधूने तळहाताला रंग लावला तेव्हा त्या उठल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. कोपरा गेला, अर्धी नदी गेली. मला वाटले, आज पुरे होणार. तोच दारातून महादेव सरांचा आवाज आला, "अगं रूपाली, बघतेस काय? उचल, उचल!"

आणि मॅडमनी कागद उचलला.

"झाला नाय!" सिंधू म्हणाली.

"हय गो," बाबली म्हणाला, "जावंक ना."

वर्ग सोडावा, तर दुसरा वर्ग मला ठाऊक नाही, आणि बाबलीशेजारची खुर्ची तिला हवी असते. म्हणून बुधवारी अपुरे आणि रविवारी पुरे, असे आमचे चालले आहे. तो पहिला पुठ्ठा आमच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. येणारे विचारतात, "ह्या काय?" मी सांगतो, आमोण्याचा धक्का. ते जवळ जाऊन शोधतात, त्यांना काही सापडत नाही. मीही पुष्कळदा शोधतो.

येथवर वाचण्याचे श्रम ज्यांनी घेतले त्या सर्वांचा मी ऋणी आहे. कधी तुये गावी आलात तर आमच्या घरी अवश्य यावे. मात्र सिंधू रंगवीत असेल तर कृपा करून हात मागे ठेवावेत.

आपला नम्र,
निवृत्ती सदाशिव गवस