छत्तिसावा मजला

बारक्यानं दिवेवालीला अंगठ्यानं उचललं आणि भट्टीत टाकलं. स्क्रीनवर नारिंगी धूर झाला आणि खाली अक्षरं आली: 'खरंच वितळवायचं? परत मिळणार नाही.' त्यानं 'हो' दाबलं. मग कासवाला टाकलं. मग आंधळ्या पहारेकऱ्याला. तिघांना मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता आणि दादाचा आवाज त्याच्या वर.

"अगं गरम आहे! मी काय बटाटा आहे का, सोलायला घेतलाय?"

"हात वर करा. वर म्हणजे वर," वहिनी म्हणत होती.

"हाच वर होतो. दुसऱ्याला तू सांग, माझं ऐकत नाही तो."

बारक्या आपल्याशीच हसला आणि परत फोनकडे वळला. फोन दादाचा होता. खेळही दादाचा. म्हणजे खेळ खरं तर बारक्याचाच, त्यानंच सात महिन्यांपूर्वी दादाच्या फोनवर टाकून दिला होता. अर्धांगाचा झटका येऊन दादा घरी बसला, उजवा हात ओल्या टॉवेलासारखा लोंबायला लागला, आणि भिंतीकडे बघत बसलेला थोरला भाऊ काही बारक्याला बघवेना.

खेळ असा की एक बुरूज आहे, त्याला शंभर मजले. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी राक्षस बसलेला. आपली चार जणांची टोळी घेऊन चढायचं. पण टोळीत हवा तो गडी घेता येत नाही. रोज एक पेटी फुकट मिळते, ती उघडायची, आत निघेल तो आपला. नशिबात असेल तर तलवारवाला, नसेल तर झाडूवाला. आणि नको असलेला गडी भट्टीत टाकला की त्याची ताकद दुसऱ्याच्या अंगात जाते.

आता दीडशे-दोनशे गड्यांमध्ये कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे कळायला डोकं लागतं, आणि ते बारक्याकडे होतं. जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता, तिथं पाण्याच्या टाकीशेजारी त्याची यादी चिकटवलेली असायची. अव्वल, कामाचे, चालून जातील आणि भंगार. खेळात नवीन गडी आला की बारक्या तीन-चार दिवस त्याला चालवून बघायचा, सेकंद मोजायचा आणि यादीत त्याची जागा लिहायचा. लेथवाला तर त्याला विचारल्याशिवाय पेटी उघडत नसे. पॅकिंगच्या बायका यायच्या, दोन खात्यांपलीकडची पोरं यायची. "बारक्याशेठ, हिला ठेवू का वितळवू?"

चौदा वर्षं त्या वर्कशॉपमध्ये काढूनही बारक्या 'दादाचा भाऊ' होता. मोटर कशी भरायची ते दादाला विचारा, हा त्याचा भाऊ आहे. यादीनं पहिल्यांदा माणसं त्याच्याकडे त्याच्यासाठी आली.

आणि दादा? दादाच्या टोळीत चारही गडी भंगार. तरी दादा त्यांना घेऊन, एकट्यानं, एका डाव्या अंगठ्यावर छत्तिसाव्या मजल्यापर्यंत पोचला होता आणि तिथं दोन आठवडे अडकला होता. त्यानं एक पैज लावली होती, स्वतःशीच. चाळिसावा मजला झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या या घरातून आपला आपण जिना उतरायचा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जायचं आणि दाढी करून यायचं. सात महिने दर रविवारी त्याची दाढी बारक्या करत होता. वहिनी तेव्हा हसली होती. म्हणाली होती, "राक्षस मारायचा आणि दाढी करायची, काय पण संबंध!" दादा हसला नव्हता.

म्हणून बारक्यानं आज ठरवूनच टाकलं होतं. दादा आंघोळीला गेला की काम उरकायचं.

दादा बाहेर आला. वहिनीनं त्याला खुर्चीत बसवलं आणि कंगवा घेतला. बारक्यानं फोन त्याच्या समोर धरला.

"बघ."

"काय?"

"बघ की! ही वीजबाई, माझ्या यादीत पहिली. तुझ्याकडे धूळ खात पडली होती, तुला पत्ताच नाही. आता ऐंशीच्या पायरीला नेली. आणि हे जुळे. एकाला दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं मारायचं, मग असा दणका बसतो ना दादा, चाळिसावा काय, पन्नासावा पण फुटेल."

दादानं फोन डाव्या हातात घेतला. अंगठ्यानं यादी वर सरकवली. खाली सरकवली.

"दिवेवाली कुठाय?"

"वितळवली. तिच्याच ताकदीवर तर ही ऐंशीला गेली. भंगार होती ती."

"आणि कासव?"

"ते पण."

दादानं टॉवेलचं टोक धरलं आणि डावा कान पुसला. मग परत तोच कान पुसला. वहिनीचा कंगवा त्याच्या डोक्यावर थांबला होता.

"बरं केलंस," दादा म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

बारक्याची छाती दोन बोटं वर आली. जिना उतरताना तो शीळ घालत होता.

त्यानंतर तीन आठवडे तो वर्कशॉपमध्ये सांगत सुटला. दादाची टोळी मी बांधून दिली, आता बघा. संध्याकाळी दादाला फोन करायचा.

"कितवा?"

"चाललंय."

"वीजबाई कशी वाटते?"

"जोरदार आहे."

"जुळे?"

"ते पण जोरदार."

दादा बोलायला आधीपासूनच कंजूस, त्यामुळे बारक्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. रविवारी गेला, की दादा म्हणायचा, आज मान दुखते, खेळत नाही. दाढी करून बारक्या परत यायचा.

चौथ्या रविवारी वहिनी त्याला जिन्यातच भेटली. हातात कचऱ्याची बादली होती, पण ती खाली चालली नव्हती, त्याचीच वाट बघत उभी होती.

"भावजी, एक विचारू? त्या खेळात तुम्ही काय केलंत?"

"का? टोळी बदलून दिली. चांगली दिली."

"चांगली असेल. मला त्यातलं काही कळत नाही." तिनं बादली या हातातून त्या हातात घेतली. "पण यांनी फोन उपडा ठेवलाय आठ दिवस. आणि त्याच्या आधी, एकदा मी चहा घेऊन गेले तर हे फोन छातीशी धरून मान खाली घालून बसलेले. मला वाटलं परत झटका आला. जवळ जाऊन बघते तर हनुवटीनं बटण दाबतायत."

"हनुवटीनं?"

"अंगठा एका बटणावर आणि हनुवटी दुसऱ्यावर. मी विचारलं, काय करताय. तर म्हणाले, खाजवतोय."

बारक्या पायरीवर उभा होता तो तसाच उभा राहिला. कोणीतरी वरून उतरत होतं, त्याला वाट द्यायची तेही त्याला सुचलं नाही.

"तुम्ही आज वर नका येऊ," वहिनी म्हणाली. "मी सांगितलं असं कळलं तर मला बोलतील."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बारक्यानं डबा उघडला नाही. वार्निशच्या डब्यांमागे स्टूल ओढलं, उजवा हात खिशात घातला आणि आपली टोळी घेऊन तिसाव्या मजल्यावर गेला, जो एरवी त्याला डोळे मिटून मारता यायचा. अकरा सेकंदांत चारही गडी आडवे. परत गेला. नऊ सेकंद. वीजबाईला तालात सात वेळा दाबावं लागतं, तिसऱ्यालाच अंगठा उशिरा पडायचा. जुळ्यांना दोन बटणं एकदम लागतात. त्यांचं तर काहीच करता येईना.

लेथवाला दात कोरत आला.

"काय रे बारक्याशेठ, हात मोडला का?"

"तुझ्याकडे दिवेवाली आहे?"

"असेल की. तूच म्हणालास वितळव. मला कंटाळा आला."

"आणि कासव? पहारेकरी?"

"सगळं भंगार आहे. भंगाराला माझ्याकडे तोटा नाही."

"दे फोन."

बारक्यानं लेथवाल्याच्या फोनवर दादाची टोळी लावली. चौथ्या जागी दादा कुणाला घ्यायचा ते आठवून एका तिरंदाजाला उभं केलं. आणि डाव्या हातानं सुरुवात केली. दिवेवालीला एकदा दाबलं. तिनं दिवा वर धरला, आणि मग वीस सेकंद ती आपली आपण सगळ्यांच्या जखमा भरत राहिली, तिला परत हात लावायला नको. कासव पुढं बसून मार खात राहिलं. पहारेकऱ्याला कोणी मारलं तरच तो मारतो, त्याला सांगावं लागत नाही. अंगठ्याला मधे पुरता श्वास घ्यायला वेळ होता. मग तिरंदाज. मग थांबायचं. दिवा मंद व्हायला लागला की परत दिवेवाली.

चार मिनिटं लागली. राक्षस मेला.

यादीत बारक्यानं या तिघांपुढं एकच शब्द लिहिला होता: 'सुस्त'.

तो बघत राहिला. दादाचं मोटर भरणंही असंच असायचं. दुसरे लोक तार सपासप ओढून मोकळे व्हायचे. दादा एक फेरा खाचेत बसला की बोटानं दाबायचा, थांबायचा, मगच दुसरा. वर्कशॉपचा शेठ ओरडायचा, दादा ऐकायचा नाही. ही टोळी दादाला नशिबानं मिळाली नव्हती. त्यानं ती एकेक गडी पारखून उभी केली होती, एका हाताला पेलेल अशी. दोनशे गड्यांमधून. आणि त्यातले तीन गडी बारक्यानं अर्ध्या मिनिटात वितळवले होते.

"जिंकलास की रे भंगारावर," लेथवाला म्हणाला.

बारक्यानं त्याला फोन परत दिला. टाकीपाशी गेला आणि यादी काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा थोडा रंगही निघाला.

"नवीन लावणार का?" मागून कोणीतरी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दुपारीच दादाकडे गेला. वहिनीनं दार उघडलं, त्याचं तोंड बघितलं आणि शेजारणीकडे निघून गेली. दादा खाटेवर बसला होता. दाढी आठवड्याची वाढलेली.

"आज सोमवार," दादा म्हणाला. "कामावरून काढला का तुला?"

"दादा, मी तुझी टोळी मातीत घातली."

दादानं चादरीची चुणी सरळ केली.

"तू त्याच दिवशी बोलला का नाहीस? शिव्या का नाही घातल्यास?"

"तुझं तोंड बघितलं असतंस तर तू पण बोलला नसतास." दादानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "पहिली मोटर भरलीस ना, तेव्हा पण असाच नाचत आला होतास. ती पण जळाली होती."

"तेव्हा बोलला होतास तू."

"बोललो होतो. चार दिवस जेवला नव्हतास. आई माझ्यावर उठली होती."

बारक्याला हसू आलं. तो खाटेच्या कडेला बसला.

"मी येताना विचार केलाय. आपण दोघं मिळून खेळू. डावीकडचं बटण तू, उजवीकडचं मी. जुळे पण चालतील. आठ दिवसांत चाळीस."

"आणि मग तो मजला कुणाचा?"

"दोघांचा."

"मला दोघांचा नकोय." दादा ओरडला नाही. उलट आवाज खाली गेला. "आंघोळ दोघांची. जेवण दोघांचं, ती घास मोडून देते. दाढी दोघांची. संडासला जातो तिथं पण दाराबाहेर कोणीतरी उभं असतं, पडलो का म्हणून विचारतं. ते एकच माझ्या एकट्याचं होतं बारक्या."

बारक्यानं मान हलवली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागं घेत होतं आणि दुसरं कोणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.

मग दादानं हात लांब करून उपडा फोन सुलटा केला.

"आजची पेटी राहिली असेल ना?"

"रात्री बारापर्यंत असते."

दादानं पेटी उघडली. झाकण हललं, उजेड झाला, आणि आतून एक वाकलेला पाणक्या निघाला, खांद्यावर पखाल घेऊन. दादा त्याच्याकडे बघत राहिला.

"हा कसा आहे?"

बारक्याला हा पाणक्या तोंडपाठ होता. शेवटून तिसरा. किती सेकंदांनी पाणी शिंपडतो, किती मार खातो, सगळं. त्याच्यापुढं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वितळवा'.

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला.

दादानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग परत खाली.

"ऊठ मग," दादा म्हणाला. "खिडकीकडे जा. तुझी सावली पडते."

बारक्या उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. मागं खाट करकरली. अंगठ्याचा एक टप असा आवाज आला. मग काही नाही. बराच वेळ काही नाही, इतका की कुणालाही वाटावं, गडी मेला. मग परत एकदा टप.

बारक्यानं मान वळवली नाही.