आंबट खावंसं वाटलं म्हणून

जेवता जेवता माझ्या तोंडून निघून गेलं, "काहीतरी आंबट खावंसं वाटतंय." बस्स, एवढंच. समोर सासूबाई बसलेल्या, हरणाबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा घास हातातच राहिला.

लग्नाला पाचवं वर्ष लागलंय माझ्या. त्यात या महिन्यात पाळीची तारीख टळून गेलेली. घरात आम्ही दोघीच बायका, असलं काय लपून राहतंय? आत्या तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मला घागर उचलू देईनात. चालताना मागनं "सावकाश गं" म्हणायच्या. आधी राग यायचा मला. मग ते गोड वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी त्या तुरीच्या कडंनं लावलेली अंबाडी कापून आल्या. भारा ओसरीवर टाकला नि म्हणाल्या, "दीपा, पाल्याचं लोणचं घालू. लई दिवसांनी हौस आलीय मला."

मी तेव्हाच न्हाणीतून बाहेर आले होते. पाळी आली होती.

आता आमच्या घरात बाजूला बसायचं वगैरे राहिलेलं नाही. स्वैपाक, पाणी, सगळं करते मी. फक्त देव आणि लोणचं, या दोन गोष्टींत आत्या ऐकत नाहीत. त्या दिवसांत बाईचा हात लागला की लोणचं नासतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणजे "मी हात लावत नाही" एवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं सांगून झालं असतं. आणि न म्हणावं तर हात लावावा लागणार. काय करावं माणसानं?

"चहा ठेवते," म्हणत मी आत पळाले. चहा उतू गेला. मग झाडू घेतला, झाडलेलंच परत झाडलं. नवऱ्याला, बालाजीला, फोन लावला. तो लोहाऱ्याला दुकानावर असतो. "हां, बोल," म्हणाला. मागं गिऱ्हाइकांचा नुसता कालवा. "काही नाही," म्हणून ठेवून दिला. त्याला सांगून काय होणार? संध्याकाळी तोंड पाडून येईल, आणि त्याची समजूतही मलाच घालावी लागेल.

बाहेर आत्यांनी एकेक पान खुडलं, धुतलं, जुन्या लुगड्यावर सावलीत पसरलं. मला हाक मारतील म्हणून मी धुणं काढलं. धुणं संपलं तर गोठ्यात गेले. दर वेळी ओसरीवरून जाताना ठरवायची, आता सांगायचंच. आणि त्या वर बघून अशा हसायच्या की मी तशीच पुढं निघून जायची. चीड यायची मला. माझ्या अंगाची यायची, आणि त्यांचीही यायची. इतकं कशाला हसायचं माणसानं?

दुपारनंतर कढईत करडईचं तेल तापलं, पानं पडली, चरचरली, काळपट झाली आणि तो एवढा मोठा ढीग तळाला जाऊन बसला. ते परातीत निवलं तसं त्यावर तिखट, मीठ, मोहरी आणि भाजलेल्या मेथीची पूड पडली, वर लसणाची फोडणी. तेवढ्यात शेजारच्या राजेश्वरीकाकू विरजण मागायला आल्या आणि तिथंच टेकल्या.

"अंबाडीचं लोणचं? कुणाला डोहाळे लागलेत वं, हरणाबाई?"

"तसं काय न्हाय," आत्या म्हणाल्या, पण त्यांचं तोंडच सगळं सांगत होतं. "येडाईच्या मनात असंल तर येरमाळ्याला जाऊन देवीची वटी भरून यीन म्हणते."

मी उठायला लागले तर आत्यांनी परात माझ्यापुढं सरकवली. "तू कालव. ज्याला खायचंय त्याच्याच हातानं कालवलं की अंगी लागतंय."

"तुम्हीच कालवा की, आत्या."

"कालव गं. लाजती कशाला?"

काकू बघत होत्या. त्यांच्यासमोर सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत सगळ्या सास्तूर गावाला कळलं असतं. मी हात घातला. मनगटापर्यंत तिखट लागलं. आत्या शेजारी बसून "खालनं घे, नीट वरखाली कर" म्हणत होत्या. त्या इतक्या खुशीत होत्या की मला ओरडावंसं वाटलं.

काकू एकदाच्या विरजण घेऊन गेल्या. आत्यांनी भाकरीचा तुकडा लोणच्याला लावला, तोंडात घातला, डोळे मिटले. "झकास झालंय."

"आत्या, मला पाळी आलीय. सकाळीच."

त्यांचं चावायचं थांबलं. आधी परातीकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. "सकाळी? आन् दिवसभर तू..."

"दिवसभर कसं सांगू? तुमचं तोंड बघून बोलवतंय का मला?" माझा आवाज चढला. "टाकून द्या उकिरड्यावर. नासलं माझ्या हातानं. मला काय आनंद झालाय व्हय? मी पण वाट बघत होते, आत्या. नाव पण ठरवलं होतं मी."

आणि मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात वर नेला तसं आत्यांनी मनगट धरलं. "आगं, तिखटाचा हात हाय." पदरानं त्यांनीच माझे डोळे पुसले, नाक पुसलं. त्यांचेही डोळे भरले होते, ते मात्र तसेच ठेवले. मग तांब्या घेतला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून चोळचोळून धुतले.

मला तिथं बसवेना. उकिरड्यावर न्यायला म्हणून मी परात उचलली.

"ठेव खाली," आत्या म्हणाल्या. त्यांनी बरणी पुढं ओढली आणि हात न पुसताच, पाणी निथळत असताना, लोणचं मुठीमुठीनं आत भरायला लागल्या.

"आत्या, पाणी लागतंय. नासंल ते."

"नासू दे," त्या म्हणाल्या. "आता कुणाच्या हातानं नासलं, ते कुणालाच कळायचं न्हाय."