जिन्याखालची पेटी

मी पत्र्याची पेटी बोलतेय. दचकू नका. तोंड मला जन्मापासून आहे, चांगलं वीतभर रुंद, पण बोलायची वेळ आजवर आली नव्हती. माझं काम घ्यायचं आणि पोटात ठेवायचं. आज मात्र राहवत नाही, म्हणून थोडं बोलते. नावं मात्र विचारू नका, ती मी सांगणार नाही.

मला घडवणारा कारागीर हाताचा चांगला होता, पण जेवणाच्या सुट्टीचा फार पक्का. माझ्या डोक्यावर कागद टाकायची फट त्याने कापली, उजवीकडून कानस फिरवत आणली, आणि डाव्या टोकाला पोचतो न पोचतो तोच जेवणाची घंटा वाजली. परत आला तो थेट रंगाचा डबा घेऊनच. डावी कड तशीच राहिली, धारदार. मी ओरडून सांगणार कशी? वर रंग बसला आणि मी बाहेर पडले.

पहिली नोकरी एका मोठ्या कार्यालयात लागली. पोटावर झोकात लिहिलं होतं, 'सूचना पेटी'. आठ वर्षांत माझ्या पोटात काय पडलं म्हणता? बसची तिकिटं, चॉकलेटचे कागद आणि एकदा अर्धं बिस्किट. खरी सूचना एकच आली, 'पंखा आवाज करतो.' पण तोवर माझी किल्ली हरवली होती, त्यामुळे पंखा आपला कुरकुरतच राहिला. तिथले शिपाईकाका अधूनमधून फडकं मारायचे आणि म्हणायचे, "काय गं, भरलं का पोट?" तेवढीच काय ती चौकशी. पुढे कार्यालय दुसरीकडे गेलं आणि मी भंगारवाल्याकडे, सायकलच्या रिमांखाली.

तिथे मला ताई भेटल्या. तरुण पोरं दारूच्या आहारी का जातात आणि त्याआधीच त्यांना कसं सावरता येईल, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी मला उचललं, हलवून पाहिलं, तोंडावरची धूळ फुंकली.

"हिला कुलूप बसतं का हो?"

"बसतं की, पण एकदा बसलं की उघडायचं नाव घेत नाही," भंगारवाला म्हणाला.

"मग तर हीच द्या."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोडीचं कुणी कौतुक केलं. ताईंनी मला हिरवा रंग दिला, नवं कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. मी त्यांच्यावर तेव्हाच भाळले.

मग आम्ही एका तंत्रशाळेत गेलो. सतरा ते वीस वर्षांची मुलंमुली तिथे वेल्डिंग, लेथ, शिवणकाम असं काहीबाही शिकतात. ताईंनी सगळ्यांना कागद वाटले. त्यावर बेचाळीस प्रश्न होते. कधी घेतली, किती घेतली, कुणाबरोबर, पहिल्यांदा केव्हा, सगळं. आणि त्यांनी शब्द दिला, "नाव लिहायचं नाही. कुणी काय लिहिलं हे मी शोधणार नाही, आणि तुमच्या सरांनाही दाखवणार नाही."

पोरं एकेक करून येत होती. कुणी कागदाचं विमान करून टाकलं, कुणी टाकल्यावर माझ्या डोक्यावर टप्पल मारली. मेल्यांनो, डोकं आहे ते माझं! सगळ्यांत शेवटी एक हात आला. कागदाची घडी घालून घालून त्याने ती बोटाएवढी जाड केली होती. फटीच्या मध्यावर ती शिरेना. हात घाईत होता, त्याने ती डावीकडे नेऊन रेटली. अर्धी आत गेली, पुन्हा बाहेर ओढली गेली, आणि मग एकदम आत कोंबली गेली. माझी ती डावी कड त्या बोटाला लागली. हात झटक्यात मागे गेला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी आपल्या खोलीवर जाऊन मला उघडलं. सगळे कागद वाचले. 'तुझ्या वर्गातले किती जण पितात असं वाटतं?' या प्रश्नाला बहुतेकांनी लिहिलं होतं, 'जवळजवळ सगळे.' आणि स्वतः पितो म्हणणारे निघाले मूठभर. ताई कपाळाला हात लावून हसल्या. "अरे देवा, प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच मागे राहिलोय."

मग ती जाड घडी उलगडली. कोपऱ्यावर लालसर ठिपका होता. पाठीमागे लिहिलं होतं, 'ताई, सोमवारपासून बंद, असं दर सोमवारी ठरतं. मंगळवारी मोडतं. सकाळी मशीनवर हात थरथरतो. कळलं तर इथून काढतील. मला थांबायचंय.'

ताईंनी तो कागद पुन्हा वाचला. "बेचाळीस प्रश्न विचारले मी," त्या माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "आणि तुला काही हवंय का, एवढं विचारायचं राहिलं." मग त्यांनी माझ्या फटीवरून बोट फिरवलं आणि डावीकडे पोचल्यावर "स्स!" करून मागे घेतलं. त्या ठिपक्याचा उलगडा त्यांना झाला.

दुसऱ्या दिवशी, तो कागद माझ्या पोटात बंद करून, आम्ही सरांकडे गेलो. सर म्हणजे त्या शाळेचे मुख्य. ताईंना बसायला एक खोली हवी होती. कशाला, असं सरांनी विचारलं, आणि एका पोराला मदत हवी आहे एवढंच ताईंनी सांगितलं. सर ताडकन उभे राहिले.

"मला तो कागद दाखवा. मी प्रत्येकाचं अक्षर ओळखतो."

"नाही सर."

"अहो, नाही काय? गेल्या वर्षी एक पोर पिऊन गाडीवर बसलं आणि गेलं. त्याच्या आईला निरोप मी दिलाय, तुम्ही नाही!"

सरांचा आवाज चिरकला. मला त्यांचा राग येईना. त्यांचा हात माझ्या कुलपावर होता, आणि त्याच्यावर ताईंचा.

"सर, कागद दाखवला तर एक पोर सापडेल, पण यापुढे इथलं एकही पोर कुणाला खरं सांगणार नाही. मला भीती वाटत नाही असं समजू नका. मला झोप लागणार नाही. पण मी शब्द दिलाय."

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "जिन्याखाली मोडक्या स्टुलांची खोली आहे. चालेल?" आणि दुपारी स्वतःच बाह्या सरसावून ती रिकामी करायला लागले.

फळ्यावर ताईंनी लिहिलं, 'कागदाच्या मागे ज्याने लिहिलं त्याला: मिळालं. दर बुधवारी चार ते पाच मी जिन्याखाली आहे. कुणीही या.' जिन्याखालच्या खोलीत टेबलावर मला ठेवलं, ओळख पटावी म्हणून. बुधवारी त्या वेळात सर त्या बाजूला फिरकत नसत. अंगणातून लांबचा वळसा घालून जायचे, हे मी दारातून बघितलंय.

पहिल्या बुधवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारी मांजर आलं. तिसऱ्या बुधवारी एक उंच पोरगा डोकावला. "ताई, ती चिठ्ठी माझी नाही हं." मग बसला, आणि वडील रोज पिऊन येतात ते पाऊण तास सांगत राहिला. पुढच्या वेळी शिवणकामाच्या दोन मुली आल्या. "ती चिठ्ठी आमची नाही." त्यांना मैत्रिणीची काळजी होती. मग एक जण आला, मित्र 'घे की रे' म्हणून छळतात म्हणून. ती चिठ्ठी त्याचीही नव्हती. मला हसू यायचं. एवढी माणसं आली, पण चिठ्ठी कुणाचीच नाही! हसता हसता मी प्रत्येक हात बघत होते. तो हात त्यांत नव्हता.

पाचव्या बुधवारी वर्कशॉपमध्ये प्रचंड आवाज झाला. ताई उठून धावल्या. नुसत्या लोखंडी पट्ट्या कोसळल्या होत्या, कुणाला खरचटलंही नव्हतं. पण ताई आणि सर दारात समोरासमोर उभे राहिले, दोघांचे चेहरे पांढरेफटक. "आज वाचलो," सर म्हणाले. "पुढच्या वेळी काय?" ताई येऊन माझ्याजवळ बसल्या आणि रडल्या. मी पत्र्याची, मला कुणाला जवळ घेता येत नाही.

सातव्या बुधवारी पाच वाजायला आले होते. ताई पिशवी आवरत होत्या. दारात एक पोर उभं राहिलं. मुलगा होता की मुलगी, ते विचारू नका.

"ताई, ती चिठ्ठी माझी नाही."

"असू दे. बस ना."

पोर बसलं. त्याचं बोट उगाच माझ्या फटीवरून फिरायला लागलं, उजवीकडून डावीकडे. आणि डाव्या टोकाशी आलं की बोट उचललं जायचं. पुन्हा उजवीकडून सुरुवात, पुन्हा डावीकडे आल्यावर उचललेलं. त्या रंगाखाली धार आहे, हे बघून कळत नाही. लागलेलं असेल तरच कळतं.

मी ओळखलं. वर बघितलं तर ताईंचीही नजर त्या बोटावर होती. त्यांचे डोळे भरले, पण त्यांनी विचारलं काहीच नाही. पिशवी खाली ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं.

"माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत," त्या म्हणाल्या. "ज्याची चिठ्ठी असेल त्याला घेऊन जाईन म्हणते. पण तो येईपर्यंत तू येतोस... येतेस का बरोबर?" आणि त्या दोघांनाही हसू फुटलं. आता 'येतोस' की 'येतेस', यातलं कुठलं खरं, ते माझ्या पोटात.

ते पोर ताईंबरोबर डॉक्टरांकडे गेलं, या गोष्टीला वर्ष होईल. न पिण्याचं ठरलेलं मधे दोनदा मोडलं, हे लपवत नाही. दोन्ही वेळा ते पोर पुढच्याच बुधवारी येऊन बसलं. सरांना अजून माहीत नाही कोण ते. परवा मात्र त्यांनी जिन्यावर नवा दिवा लावला आणि ताईंना म्हणाले, "तुमचं पोर बरं आहे ना?"

ताईंच्या कागदावर आता त्रेचाळीस प्रश्न आहेत. शेवटचा मोकळा आहे: 'तुला काही सांगायचंय का?'

गेल्या बुधवारी ते पोर वर्कशॉपमधून कानस घेऊन आलं. मला मांडीवर घेतलं आणि डाव्या कडेवर कानस फिरवू लागलं. हळूहळू, बोट लावून बघत. हात अगदी स्थिर होता. मला गुदगुल्या झाल्या आणि रडूही आलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझं राहिलेलं काम पुरं करत होतं.

"काय करतोयस... करतेयस?" ताईंनी विचारलं.

"ही कड लागते, ताई. पुढच्या कुणाला लागू नये."

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे कुणी आलं आणि 'हे माझं नाही हं' म्हणालं, तर कुणाचं ते विचारू नका. स्टूल पुढे करा.

चार वाजलेत. जिन्यावर पावलं वाजतायत. आता मी गप्प बसते.