सीमेअलीकडची लाल गाडी

कलम एक

पेन्सिल्व्हेनियात माणसाने कमरेला रिव्हॉल्वर लटकवून किराणा आणला तरी कुणी वळून बघत नाही. तेच रिव्हॉल्वर गसच्या पेंडीच्या दुकानापुढची सीमेची पाटी ओलांडून न्यूयॉर्क राज्यात गेलं आणि तिथला परवाना नसला, तर थेट तुरुंग. इकडचा परवाना तिकडे कुणी हातात धरून बघतसुद्धा नाही.

व्याख्या

'माणूस' म्हणजे वेंडल क्रॅमर. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला. आता निवृत्त; बायको नॉर्मा गेल्यापासून विधुर. रिव्हॉल्वर लावल्याशिवाय दारातल्या टपालपेटीपर्यंतही जाणार नाही.

'तिकडे' म्हणजे आयडा पेट्रोस्कीचं घर. पाटीपासून दोन शेतं पलीकडे.

कलम दोन

म्हणून दर शनिवारी वेंडल आपली लाल पिकअप गाडी गसच्या आवारात लावी, सीटखालच्या पोलादी पेटीत रिव्हॉल्वर ठेवून कुलूप घाली आणि कमरेला रिकामं चामडी म्यान मिरवत पायी सीमा ओलांडी. कायदा तंतोतंत पाळला जात होता. अडचण एवढीच, की गाडी लाल होती आणि आवार हमरस्त्यावर. ती कधी लागली, कधी हलली, यावरून सगळं गाव प्रेमाची प्रगती मोजत असे.

"काल बराच वेळ उभी होती गाडी," गस पोतं उचलता उचलता म्हणे. "जेवायला काय होतं?"

"पिएरोगी. बटाटा भरलेल्या करंज्या."

"एवढा वेळ बटाटेच?"

"मोठ्या होत्या."

"रिव्हॉल्वर घरीच ठेव की रे म्हाताऱ्या. गाडी सरळ तिच्या दारात ने."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"वाटेत माझ्या गायी आहेत."

पोटकलम : अस्वल

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आयडाच्या कचऱ्याच्या डब्यांशी काळं अस्वल आलं. वेंडलचा हात म्यानावर गेला. आत हवा होती.

"तू आत थांब," तो म्हणाला. "मी गाडीपर्यंत पळत जातो, पेटी उघडतो, आणि..."

"आणि ते घेऊन इकडे आलास की अस्वल राहील मोकळं, तुला नेतील धरून." आयडाने डाव आणि तवा उचलला, घरातल्या सपाता घालूनच पायरीवर गेली आणि असा काही दणदणाट केला, की अस्वल मान खाली घालून चालतं झालं.

"बस," ती आत येऊन म्हणाली. "गार होतंय."

जेवण झाल्यावर मात्र तिने बशा उचलल्या नाहीत.

"वेंडल, पुढच्या शनिवारी तुझी गाडी माझ्या दारात दिसली तर ठीक. नाहीतर येऊ नकोस. जो स्वतःतला अर्धा माणूस दुसऱ्या राज्यात कुलपात ठेवून येतो, त्याच्याशी लग्नाचं कसं बोलू मी?"

"लग्नाचं?"

"ऐकू येतं म्हणजे अजून."

पर्याय (सगळे फेटाळलेले)

"मिरीचा फवारा नेला तर?" वेंडलने गसला विचारलं.

"तो तिकडच्याच दुकानातून, सही करून घ्यावा लागतो म्हणे."

"काठी?"

"चालेल."

"आत पातं असलेली?"

"नाही चालणार."

"बोटांत घालायची पितळी मूठ?"

गसने पोतं खाली ठेवलं. "लेका, तू जेवायला चाललायस की बँक लुटायला?"

कलम तीन

शनिवारी वेंडलने रिव्हॉल्वर घरच्या कपाटात ठेवलं. दोनदा परत जाऊन कपाट उघडलं. मग तसाच निघाला. पाटी मागे पडली तेव्हा त्याने गाडीचा वेग उगाचच कमी केला. काहीच झालं नाही. एक गाय बघत होती.

आयडा दारातच उभी होती. तिची नजर त्याच्या कमरेकडे गेली. म्यानात काहीतरी होतं.

"वेंडल!"

त्याने ते हळूच उपसलं. लाकडी डाव.

"तुझ्याकडे एकच आहे," तो म्हणाला. "अस्वलं दोन आली तर?"

आयडा हसता हसता कठड्याला टेकली. तो मात्र तिथेच चुळबुळत उभा राहिला. "नॉर्मा गेल्यापासून सवय लागलीय गं. कमरेला वजन असलं, की कुणीतरी सोबत चालतंय असं वाटतं."

"मग माझा हात धर," आयडा म्हणाली. "मीही काही हलकी नाही."

अपवाद

जेवण अर्ध्यावर आलं असताना फोन वाजला. आयडाच्या हाताला पुढच्या पिएरोगींचं पीठ होतं, म्हणून वेंडलने उचलला.

"आयडाबाई," पलीकडून गसचा दबका आवाज आला, "आज आवारात गाडी नाही. सगळं गाव हळहळतंय. पण मनाला लावून घेऊ नका. तो म्हातारा तुमच्या लायकीचाच नव्हता."

"नव्हताच," वेंडल म्हणाला. "आता फोन ठेव. गार होतंय."